आखाजीचं ताट

आखाजी जवळ आली की माझं डोकं फिरायचं. खान्देशात असं बोलणं म्हणजे पापच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके टांगले जातात, गाणी रंगतात. पुरुषमंडळी ओट्यावर उघड उघड पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही म्हणत नाही. माझं माहेर धुळ्यातलं, देवपूरचं. लग्न होईतो मीही झोक्यावर बसून गळा मोकळा केला आहे. डोकं फिरायला लागलं ते लग्नानंतर. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, आणि मी भुसावळच्या पलीकडच्या एका केळीच्या गावात नांदायला आले होते. तिथे मला कळलं की आखाजीला माणसंही वाटून घेतली जातात.

सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. वर्षभरासाठी एका शेतकऱ्याच्या घरी बांधलेला गडी म्हणजे सालदार. त्याच्या साऱ्या व्यवहाराला आमच्या गावात कागद नव्हता, होतं ते एक ताट. आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पितरांना नैवेद्य दाखवायचा. मग मालकानं गड्याला ओट्यावर बसवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचं भरलं ताट त्याच्यापुढे ठेवायचं, आणि तो जेवून उठला की त्याच्या डोक्यावर नवी टोपी आणि खांद्यावर टॉवेल टाकायचा. ताट खाल्लं, टोपी घेतली, की बोली पक्की. मग पुढच्या आखाजीपर्यंत ब्रह्मदेव आला तरी ती मोडत नसे. गावाला याचा फार अभिमान होता. आमच्याकडे शब्दाला किंमत आहे, असं सांगताना माणसांची छाती फुगायची.

आता हे बघा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये, निकाल जूनमध्ये, आणि आखाजी बरोबर मधे, एप्रिल-मेमध्ये. मी गावच्या हायस्कुलात गणित शिकवत होते. शाळा भरण्याआधी सालदारांच्या आणि मजुरांच्या मुलांचा वेगळा वर्ग घ्यायचे. गुरांना चारा टाकून, हाताला शेणाचा वास घेऊन ही पोरं यायची आणि माझ्या शिव्या खात उदाहरणं सोडवायची. परीक्षेला बसायची. बरीचशी पासही व्हायची. पण निकाल लागेपर्यंत त्यांच्या डोक्यावर टोपी चढलेली असायची. बापाची जागा रिकामी झालेली असायची किंवा बापाला जोडीला माणूस हवा असायचा. पास झालेला पोरगा केळीच्या बागेत पाणी धरत उभा असायचा आणि त्याची गुणपत्रिका शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेली असायची. एकदा एकाला पहिला वर्ग मिळाला म्हणून मी तरातरा त्याच्या मालकाकडे गेले होते. मालकानं मला चहा दिला आणि अगदी गोड बोलून सांगितलं, पुढच्या आखाजीला बघू. पुढच्या आखाजीपर्यंत त्या पोराचं लग्न ठरलं होतं.

शाळेत शहरातल्या कुठल्याशा मंडळाचे पाहुणे यायचे. इस्त्रीचे कपडे, गळ्यात हार. मुलांना एकेक पेन वाटायचे आणि सांगायचे, बाळांनो, मोठी स्वप्नं पाहा. मला उठून त्यांच्या हातातला माईक हिसकावून घ्यावासा वाटायचा. अहो, या बाळांचं पुढचं वर्ष महिन्याभरात आखाजीच्या ताटात जाणार आहे, ते आधी बघा. पण फोटो काढले जायचे, नाष्टा व्हायचा, गाडी निघून जायची. शिक्षकांच्या खोलीत एक ज्येष्ठ सहकारी मला समजावायचे, "बाई, कशाला जीव आटवता? शिक्षण रक्तात असावं लागतं." हे सांगणाऱ्या गृहस्थांच्या रक्तातल्या तिन्ही पोरांना त्यांनी जळगावला शिकवण्या लावल्या होत्या.

माझे सासरे गावातले मोठे बागायतदार. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. आवाज कधी चढायचा नाही, गड्याला कधी शिवी नाही, सणाला कपडे, आजारपणात डॉक्टर. चांगल्या माणसाशी भांडणं किती अवघड असतं ते मी त्यांच्यामुळे शिकले. नवरा भुसावळला रेल्वेत कारकून. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला यायचा, आणि घरात काही पेटलं की मूग गिळून गप्प बसायचा.

आमच्या घरचा सालदार मूळचा साक्रीकडचा. त्याचा बाप पोट भरायला इकडे आला आणि आबांच्या वडिलांकडे सालदार राहिला. बाप गेल्यावर हा राहिला. घरी ते अहिराणी बोलत. ती माझ्या माहेरची बोली, त्यामुळे तो मला आपला वाटायचा. मी त्याला नाना म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. ते घरात कुणालाच आवडत नव्हतं, म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणायचे.

नानांना सगळे 'घरचाच माणूस' म्हणत. या घरच्या माणसाचं जेवण असं असायचं: तो ओट्याच्या कडेला बसायचा, सासूबाई वरून भाकरी आणि भाजी वाढायच्या, आणि वाढलं की वाढलं. आणखी मागायची रीत नव्हती. भांड्याला हात लावणं तर सोडाच, स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं उभ्या जन्मात ओलांडला नव्हता. वर्षातून एकदाच, आखाजीच्या ताटावर, त्याला आग्रह व्हायचा. घे रे, अजून घे, लाजू नको. तो आग्रह पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला बरं वाटलं होतं. नंतर त्याचा अर्थ कळला आणि ते शब्द ऐकले की तळपायाची आग मस्तकात जायची.

नानांचा मुलगा माझ्या सकाळच्या वर्गात दहावीला होता. अबोल पोरगा, पण हात आणि डोकं दोन्ही चालायचं. विहिरीवरची मोटार जळली की ती भरून आणायला भुसावळला न्यावी लागे. मोटार बैलगाडीत चढवायला आबा त्याला बरोबर नेत. तिथल्या वर्कशॉपमध्ये कारागीर तांब्याची तार गुंडाळत बसलेले असायचे, हा त्यांच्याकडे बघत उभा राहायचा. एकदा मी वर्गात सगळ्यांना विचारलं, पुढे काय करणार? बाकीच्यांनी पाहुण्यांना आवडेल ते सांगितलं, डॉक्टर, कलेक्टर. हा म्हणाला, "बाई, मी मोटार भरायला शिकीन." त्यासाठी आयटीआय असतं, तिथे दहावी पास लागतं, हे त्यानं स्वतःच चौकशी करून काढलं होतं. मला त्या वर्षात इतकं समाधान दुसऱ्या कशानं झालं नाही.

परीक्षा झाली. आणि आखाजीच्या आधी आबा जेवताना सहज बोलून गेले, "त्याचे गुडघे गेले आता. घड वाह्यनं व्हत नही त्याच्यानं. यंदा पोराले घेऊ."

घड वाहून वाहूनच गुडघे गेले होते. केळीचा घड डोक्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत, पुन्हा बागेत, पुन्हा ट्रकपर्यंत, आयुष्यभर. एकाचे गुडघे झिजले की पुढच्याचे आणायचे. मी हातातलं वाढायचं भांडं तसंच धरून म्हटलं, "आबा, तो दहावीला बसलाय. निकाल लागू द्या. पास झाला नाही तर मी एक अक्षर बोलणार नाही."

"सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "आखाजी काय तुह्या निकालासाठी थांबन का? तू पोरायले शिकव. वावराचं मी पाह्यतो."

मी नानांकडे गेले. ते खाटेवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होते. मी पुष्कळ बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मना बाप आठेच सालदार व्हता, मी बी शे. आबास्नी आम्हले कधी उपाशी नही ठेवं. आते मना गुडघा चालतस नही. आबास्ना शब्द मी कसा मोडू?"

"आणि पोराचं काय?"

"पोऱ्याले काय व्हई? घरनं घरमाच शे ना."

घरचं घरातच. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. पोराला मी बागेत जाऊन गाठलं. म्हटलं, तू तरी बोल. तू नाही म्हण. त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उत्तर दिलं, "आबा म्हनतीन तसं." माझा तोल गेला. तुझ्या तोंडात तुझं स्वतःचं एक वाक्य नाही का रे, असं काहीबाही ओरडून मी पाय आपटत निघून आले. वाटेत रडलेही. दया वगैरे काही नव्हती ती, नुसता संताप होता. दहा वर्षं शाळेत घालून आम्ही या पोराला वर्गमूळ काढायला शिकवलं होतं, पण नाही म्हणायला शिकवलं नव्हतं. ते कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात असतं?

आखाजीच्या आदल्या दिवशी सासूबाई आणि मी पुरणाची डाळ निवडत बसलो होतो. त्यांना गेल्या वर्षीची आठवण निघाली. आमच्याकडे नानांच्या जोडीला एक दुसरा गडी यायचा होता, बोलणं झालं होतं, पण शेजारच्या बागायतदारानं त्याला सकाळी सकाळीच गाठून स्वतःच्या घरी जेवू घातलं. आबा ताट वाढून वाट बघत राहिले. "काय करतो मंग?" सासूबाई म्हणाल्या. "मेल्यानं आधी ताट खाऊ घातलं. ज्याचं ताट आधी, त्याचं साल."

माझे हात डाळीतच थांबले.

संध्याकाळी मी गावातल्या दुकानातून एक पांढरी टोपी आणि टॉवेल आणला. दुकानदारानं विचारलं, आबांनी मागवली का? मी म्हटलं, घरासाठीच आहे.

सकाळी चुलीवर पुरणपोळ्यांचं मातीचं खापर चढलं. सासूबाई पितरांच्या घागरीपाशी मांडामांड करत होत्या. पोरगा शेतातून डांगरं घेऊन परसदारी आला होता. खापरावरून उतरलेली पहिली पोळी मी ताटात घातली. तिच्यावर तूप, शेजारी रस, कुरडई, सगळं. ताट घेऊन परसदारी गेले, पाट टाकला आणि त्याला म्हटलं, बस. तो बसेना. "बस म्हणते ना!" बसला. ताट पाहून त्याचा चेहरा उतरला, कारण त्याला ताटाचा अर्थ माहीत होता.

"आबा कुठी आहेत?" त्यानं विचारलं.

"हे आबांचं ताट नाही, माझं आहे. यंदाचं तुझं साल माझ्याकडे. काम ऐकून घे आणि मग जेव. निकाल लागेपर्यंत माझ्या सकाळच्या वर्गातल्या लहान मुलांना गणित शिकवायचं. निकाल लागला की एसटीनं रोज भुसावळला जायचं, आयटीआयमध्ये मोटार भरायला शिकायचं. एका दिवसाचाही नागा चालणार नाही. नागा केलास तर पाठ सोलून काढीन."

त्यानं मातीचे हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, "बरं, बाई," आणि जेवायला लागला. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते 'बरं' त्यानं आबांनाही अस्संच म्हटलं असतं, हे मला कळत होतं. या पोराला सोडवायला मला त्याची मालकीण व्हावं लागत होतं, आणि याचा राग कुणावर काढायचा तेच समजत नव्हतं.

सासूबाई दारात आल्या आणि त्यांच्या हातातला तांब्या पडला. नैवेद्य अजून दाखवला नव्हता. घागर भरली होती, पितर उपाशी होते, आणि सून सालदाराच्या पोराला पहिली पोळी वाढून बसली होती. "अवं, पितराच्या आधी?" त्या किंचाळल्या.

"पितर थांबतील," मी म्हटलं. "त्यांचं काही वाया जाणार नाही." हे वाक्य मला पुढे वर्षानुवर्षं ऐकवण्यात आलं. घरात कुणाला ठेच लागली तरी ते पितरांच्या त्या पोळीवर जायचं.

सगळे गोळा झाले. आबा आले, मागोमाग नाना लंगडत आले. तोवर पोराचं जेवण झालं होतं आणि मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली होती. आबांचा आवाज तेव्हाही चढला नाही. ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, हे काय खूळ? बाईमानसाचं साल कुठी ऱ्हायते का?" आणि नानांकडे वळले, "त्याची टोपी काढ अन् ओट्यावर आन त्याले."

सगळं त्या एका माणसावर येऊन थांबलं. माझा नवरा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. त्याच्याकडून मला काही अपेक्षाही नव्हती. नाना पोरापाशी गेले. त्यांचा हात टोपीपर्यंत गेला. माझ्या मनात त्या क्षणी त्यांच्याविषयी काय काय आलं ते मी लिहिणार नाही. पण त्यांनी टोपी काढली नाही. वाकडी बसली होती, ती नीट केली.

"आबा," ते म्हणाले, "त्यानी ताट खादं, टोपी लिधी. बोली व्हई गयी."

आयुष्यभर ज्या शब्दानं त्यांना बांधून ठेवलं होतं, तोच त्यांनी आबांपुढे ठेवला. गावाला शब्दाची किंमत सांगणारी छाती आबांचीच होती. ते ओट्याकडे वळले. नाना त्यांच्या मागून गेले, ओट्याच्या कडेला बसले, आणि पोराच्या ऐवजी त्यांनी स्वतः ताट खाल्लं. म्हणजे ते गुडघे आणखी एक वर्ष घड वाहणार होते. पोरगं सुटलं त्याची भरपाई त्याच घरानं केली, आमच्या घराचं काहीच गेलं नाही. हे मी विसरू शकत नाही आणि कुणाला विसरू देणारही नाही. घे रे, अजून घे, असा सासूबाईंचा आवाज मला परसदारी ऐकू येत होता.

जूनमध्ये निकाल लागला. पोरगा चांगल्या गुणांनी पास झाला, आयटीआयला लागला, सकाळच्या एसटीनं जाऊ लागला. नागा एकही केला नाही. मी दुपारच्या सुट्टीत दुसऱ्या मुलांच्या मालकांच्या पायऱ्या चढत होते, तुमची आखाजी निकालानंतर करा म्हणून. काहींनी ऐकून घेतलं, बहुतेक हसले. त्याच आखाजीला माझ्या वर्गातल्या इतर पोरांनी आपापल्या बापांच्या मालकांकडे टोप्या घातल्या होत्या. पोरं वर्गभर होती आणि माझं ताट एक होतं. आमच्या घरी त्या पावसाळ्यात चूल वेगळी झाली. आबा माझ्याशी बोलेनासे झाले. नवरा माझ्याकडे जेवायचा आणि आईकडे चहा प्यायचा, अशी त्यानं आपली सोय लावून घेतली.

पुढची आखाजी आली. माझ्या नव्या, अंधाऱ्या, एका खणाच्या स्वयंपाकघरात मी पुरणपोळ्या केल्या. सकाळीच पोरगा दारात येऊन उभा राहिला. वर्षभरात उंच झाला होता, बोटांना तारेचे कापे पडले होते. हातात ती टोपी होती. धुऊन, नीट घडी घालून आणलेली.

"बाई," तो म्हणाला, "साल भरलं."

"बरं. मग?"

"मंग आता कोनाचं?"

त्यानं ते भोळेपणानं विचारलं. एक वर्ष शिकला, मोटारी उघडून जोडायला लागला, एकटा भुसावळला जाऊन येऊ लागला, आणि तरी आखाजीला त्याला कुणाचा तरी असायचं होतं. मला वाटलं, चुलीतलं लाकूड काढून काहीतरी पेटवून द्यावं. त्याच्या बापाचा बाप साक्रीहून निघाला तेव्हापासूनचं ते सगळं त्या एका प्रश्नात माझ्या दारात उभं होतं. मी टोपी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि चुलीपाशी भांडी धरायला ठेवली.

"आत ये," मी म्हटलं.

तो उंबऱ्याशी थांबला. "आत?"

"आत. चप्पल काढ, हात धू, ते ताट घे. पोळ्या त्या डब्यात आहेत, तूप त्या भांड्यात, रस पातेल्यात. मी वाढणार नाही. आपल्या हातानं घे आणि जेव."

तो आत आला. ताट हातात धरून डब्यासमोर उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. किती घेऊ, असं त्याला विचारायचं होतं. मी त्याला विचारू दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसले. डब्याचं झाकण निघालं. बराच वेळ गेला, मग तुपाच्या भांड्यात पळी लागल्याचा आवाज आला. तो खाली बसला, जेवू लागला. एका पोळीला वेळ तो किती लागतो, पण तो सावकाश जेवत होता. जेवण संपल्यावर काही आवाज येईना. अजून घे, हे शब्द माझ्या अगदी ओठांपर्यंत आले होते. मी दात घट्ट आवळून धरले.

मग डब्याचं झाकण पुन्हा वाजलं.